चार कॅप्सूल आणि कामगाराचा हक्क

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर राबणाऱ्या कंत्राटी कामगाराची दाढ ठणकू लागली, तर तो काय करतो? खाडा पडला की मजुरी बुडते. म्हणून पाळी सुटल्यावर तो दाढ उपटून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. बहुतेकांचे यात काही बिघडत नाही. पण ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे, त्याच्या ते जिवावर बेतू शकते.

दाढ काढताना हिरडीतले जंतू रक्तात शिरतात आणि अशा झडपेवर घर करतात. डॉक्टर याला एंडोकार्डायटिस म्हणतात. मग कित्येक आठवडे इंजेक्शने, प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रिया. तरीही अनेकजण दगावतात. हा धोका कमी करण्यासाठी दाढ काढण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिनचा 2 ग्रॅमचा एकच डोस देतात. म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल! पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरे औषध देतात.

हा डोस प्रत्येक हृदयरुग्णासाठी नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 साली तो मुख्यतः कृत्रिम झडप असलेल्या, पूर्वी हा आजार झालेल्या आणि काही जन्मजात हृदयदोष असलेल्या रुग्णांपुरता ठेवला. 2021 सालीही तोच सल्ला कायम केला. केवळ बायपास किंवा स्टेंट झालेल्यांना त्याची गरज नाही. विनाकारण अँटिबायोटिक खाल्ल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. रुमॅटिक तापाच्या रुग्णाला दर तीन-चार आठवड्यांनी मिळणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे. ते मनाने बंद करू नये.

झडपेच्या शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मिळू शकतो. परंतु लाखमोलाची झडप बसवून चार कॅप्सूलची माहिती इंग्रजी कागदात दडून राहत असेल, तर त्या खर्चाचा उपयोग काय? कामगाराचे आरोग्य हा कलम 21 खालील मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात सांगितले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी झाली. त्यातून 1948 चा ईएसआय कायदा आला. वेतनमर्यादेत बसणाऱ्या कंत्राटी कामगारालाही हा विमा मिळायला हवा. ठेकेदाराने टाळाटाळ केली, तरी वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. झडपेच्या प्रत्येक रुग्णाला मराठीत कार्ड द्या. कामगार संघटनांनी ही माहिती गेटवर लावावी. रुग्णांनीही ते कार्ड दाताच्या डॉक्टरला आधी दाखवावे, तंबाखू-मिश्री सोडावी, दात-हिरड्या स्वच्छ ठेवाव्यात. ताप हटत नसेल तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. आधी मोठ्या दवाखान्यात रक्ताचे कल्चर करून घ्यावे. हक्काची माहिती मागून घेण्यात कसली लाज?