मंडळीचे बळ कशात असते?

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग साकोली मागे टाकून पूर्वेकडे निघाला की कोहमारा हे गाव लागते. गोंदियाकडून नवेगावबांध व अर्जुनी-मोरगावकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गाला छेदतो. १९९९ पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. आता तो गोंदिया जिल्ह्याच्या सडक-अर्जुनी तालुक्यात आहे. धानाची शेती, तेंदूपानाचा हंगाम, भोवतालचे जंगल आणि जुने मालगुजारी तलाव ही या टापूची ओळख. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाची संख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातही मोठा भाग मुंबई व वसई-ठाण्याकडचा. तेव्हा कोहमाऱ्यासारख्या ठिकाणी ख्रिस्ती मंडळी असलीच, तर ती मूठभर कुटुंबांचीच असणार. उंच मनोरा नाही, ऑर्गन नाही, पुरता वेळ देणारा पाळकही बहुधा नाही. अशा मंडळीला बलवान म्हणावयाचे असेल, तर ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजापुरता नाही. कोणतीही धर्मसंस्था सामर्थ्यवान केव्हा होते आणि बाहेरून भरभराटीची दिसत असताना आतून पोकळ केव्हा होते, हा विचार प्रत्येक समाजाला केव्हा ना केव्हा करावाच लागतो. ख्रिस्ती मंडळींचा महाराष्ट्रातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

मराठी ख्रिस्ती बांधवांनी 'चर्च' या शब्दाला पर्याय म्हणून 'मंडळी' हा घरगुती शब्द रूढ केला, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट होय. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, माणसे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बोलावून एकत्र आणलेला समुदाय असाच आहे. पहिल्या मंडळीचे जे वर्णन 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येते, त्यात चारच गोष्टी सांगितल्या आहेत : शिकवण, सहवास, एकत्र भाकर मोडणे आणि प्रार्थना. त्यात मालमत्तेचा उल्लेख येतो तोही आपले विकून गरजूंना वाटून देण्याच्या संदर्भात. 'प्रकटीकरण' या अखेरच्या पुस्तकात आशिया मायनरमधील सात मंडळ्यांची झडती घेतलेली आहे. तेथे लावदिकीयाच्या श्रीमंत मंडळीला ती कोमट झाल्याबद्दल कठोर शब्द ऐकावे लागतात, आणि स्मुर्णाच्या दरिद्री मंडळीला मात्र ती खरी धनवान असल्याचे सांगितले जाते. संख्या आणि संपत्ती हे बळाचे माप नव्हे, हा निर्वाळा इतका जुना आहे.

भाषेत रुजलेली श्रद्धा

बळाची पहिली खूण म्हणजे श्रद्धेने मातीत मूळ धरलेले असणे. गोव्यात १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. परदेशातून आलेल्या या जेझुइटाने ख्रिस्तकथा सांगताना मराठीचीच ओवी उचलली. तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच कार्य पुढे नेले. टिळकांच्या आयुष्याला जे वळण मिळाले, ते या टापूच्या जवळूनच. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ही गाडी कोहमाऱ्याच्या उत्तरेस असलेल्या गोंदियावरूनच जाते. पर्वतावरील प्रवचनाने ते हेलावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्म बदलला म्हणून त्यांनी भाषा बदलली नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते अभिमानाने सांगत. कीर्तन, भजन, अभंग ही साधने त्यांनी उपासनेत आणली, आणि आज शतकानंतरही मराठी मंडळ्या त्यांची गीते गातात. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आणि त्याच लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'वाचून मराठी आत्मचरित्राचा इतिहास अपुरा राहील.

वसईच्या कॅथलिक समाजातही हेच दिसते. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि वेदीवर मराठी आली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या 'सुवार्ता' मासिकाचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून दीर्घकाळ संपादक होते. हरित वसईच्या रक्षणासाठी ते रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्या मंडळीची प्रार्थना गावाला परकी वाटत नाही, तिचे सुखदुःखही गावाला परके राहत नाही.

स्वतःच्या पायावर

दुसरी खूण स्वावलंबनाची. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनपासून विदर्भातील स्कॉटिश मिशनपर्यंत सर्वांनी शाळा काढल्या, दवाखाने उघडले. हे उपकार मोठेच. तथापि त्याबरोबर एक दुबळेपणाही आला. पाळकाचा पगार समुद्रापलीकडून येई आणि निर्णयही तिकडूनच होत. मंडळी ही आपली जबाबदारी आहे, ही जाणीव त्यामुळे मंदावली. या अवस्थेविरुद्ध पहिला आवाज हिंदी ख्रिस्ती लोकांनीच उठविला. २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली, ती भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय नेतृत्व या तत्त्वावर. टिळक याहून पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, असा कोणीही ख्रिस्तभक्त त्या दरबारात यावा, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि तो प्रयोग अर्धाच राहिला. पण त्याने विचारलेला प्रश्न पुरा आहे. बाहेरचा आधार उद्या सुटला, तर मंडळी उभी राहील काय? दहा घरांची मंडळी आपल्या धानातले चार पायली बाजूला काढून आजाऱ्याला पोहोचविते, तेव्हा तिच्यापाशी जे बळ असते ते देणगीच्या धनादेशाने विकत मिळत नाही.

पंगतीची कसोटी

परंतु भारतीय मंडळीची सर्वांत अवघड परीक्षा वेगळीच आहे, आणि ती पंगतीत होते. हा प्रश्न बायबललाही नवा नाही. अंत्युखियाच्या मंडळीत परजातीयांबरोबर जेवणारा पेत्र, यरुशलेमेहून कर्मठ मंडळी आल्यावर पानावरून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. करिंथ येथे सधन लोक आधी जेवून घेत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. अशा भोजनाला प्रभुभोजन म्हणताच येणार नाही, असे त्याने बजावले.

आपल्याकडे ही कसोटी जातीच्या रूपाने उभी राहिली. महाराष्ट्रातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रामुख्याने अस्पृश्य मानलेल्या समाजांतून घडल्या. माणूस म्हणून ताठ उभे राहता यावे, ही त्या लोकांची भूक होती. पण बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात सर्वत्र धुतली गेली, असे म्हणता येणार नाही. सोयरिकी जातीतच जुळत राहिल्या. काही प्रांतांत तर बसण्याच्या व पुरण्याच्या जागाही वेगळ्या राहिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील ख्रिस्ती समाजाच्या या वैगुण्यावर नेमके बोट ठेवले होते. याच भंडारा मतदारसंघातून १९५४ ची पोटनिवडणूक लढवून पराभूत झालेल्या बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. समतेच्या शोधात निघालेला एवढा मोठा समाज आपल्या दारावरून पुढे का गेला, हा प्रश्न प्रत्येक मंडळीने स्वतःस विचारावयास हवा. दलित ख्रिस्ती माणसाची कोंडी तर दुहेरी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे स्थान हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये ते शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाले, ख्रिस्ती दलितांना मात्र नाही. कायद्याने त्याची जात नाकारली आणि समाजाने ती विसरू दिली नाही. अशा माणसाला किमान मंडळीच्या पंगतीत तरी पहिल्या ओळीत जागा मिळाली पाहिजे. जेथे ती मिळत नाही, तेथे गायन कितीही सुरेल असो, मंडळी दुबळीच.

सेवा, सौदा नव्हे

सेवेविषयी बोलताना एका आक्षेपाकडे डोळेझाक करता येत नाही. दवाखाना आणि शाळा ही धर्मांतराची आमिषे होत, असे अनेकांना वाटते. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असू नये, हे महात्मा गांधींनीही मिशनऱ्यांना स्पष्टपणे सांगितले होते. या आक्षेपाला वादाने उत्तर देता येत नाही. ते सेवेच्या स्वरूपानेच द्यावे लागते. १८४५ मध्ये नागपुरास आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी शिक्षणाचा पाया घातला, येथील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला आणि गोंड समाजाची गाणी व परंपरा टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये नदी ओलांडताना ते बुडून मरण पावले. गोंडांविषयीचे त्यांचे टिपण १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केले. १८८३ पासून त्यांच्या नावाने चालत आलेल्या महाविद्यालयात शिकून गेलेल्यांत बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते. जे काम आपल्या लोकांची संख्या वाढविण्यासाठी केलेले नसते, तेच टिकते.

आणि ही सेवा कोणत्या झऱ्यातून येते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून कळते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीने व दुष्टांच्या तावडीत सापडून नष्ट होऊ घातलेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावी आणले. भंडारा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. केडगावच्या 'मुक्ती'त शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि या साऱ्याच्या मध्यभागी प्रार्थना होती. १९०५ मध्ये तेथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीची वार्ता जगभर पोहोचली. पण त्या जागृतीनंतर मुली डोळे मिटून बसून राहिल्या नाहीत; रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनीच छापले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी रमाबाई त्याच कामात गढलेल्या होत्या. प्रार्थना आणि परिश्रम यांची अशी सांगड जेथे पडते, तेथेच मंडळी आध्यात्मिक दृष्ट्या परिणामकारक होते. नुसती प्रार्थना ही करमणूक ठरू शकते आणि नुसते परिश्रम ही कारखानदारी.

ऐक्य आणि वाटे

ऐक्याच्या बाबतीतही विदर्भाला मोठे स्थान आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी आपापले वेगळेपण बाजूस ठेवून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन केले. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींचे ते फळ होते. ज्या पंथांचे भांडण मुळात युरोपातील होते, ते भंडाऱ्याच्या वा नगरच्या शेतकऱ्याने का चालवावे, हा साधा विचार त्यामागे होता. परंतु मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया अखेरच्या घटकेस बाहेर राहिले, आणि पुढे मालमत्तेचे खटलेही उभे राहिले. गुजरातेतील ब्रदरेन मंडळीच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ ठरावाने न्यासाची मालमत्ता नव्या संस्थेकडे जात नाही, असा निर्णय दिला. कायद्याचा निवाडा कायद्याच्या जागी. तथापि पूर्वजांनी शाळेसाठी, दवाखान्यासाठी दिलेली जमीन हाच जेव्हा मंडळीच्या सभांचा मुख्य विषय होतो, तेव्हा पंचांची शक्ती वकिलांच्या दारी खर्च होते आणि तरुण मुले दुरूनच हात जोडतात. जमिनीचा हिशेब चोख हवा, तो सर्वांपुढे मांडलेला हवा, आणि त्यानंतर तो विसरून कामाला लागता आले पाहिजे.

कोहमाऱ्याच्या दक्षिणेस नवेगावचा बांध आहे. तो बांधल्याचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. या टापूतल्या शेतकऱ्याला तलावाचे शास्त्र शिकवावे लागत नाही. पाळ उंच केली म्हणून तलाव भरत नाही. त्याला वरून येणारे पाणी हवे. भरलेले पाणी पाटाने शेतात सोडले नाही, तर त्याचा उपयोग नाही. आणि दर काही वर्षांनी गाळ उपसला नाही, तर मोठा तलावही उथळ होतो. बाहेरून मात्र तो तेवढाच विस्तीर्ण दिसतो.

मंडळीचेही असेच आहे. प्रार्थना हा तिचा पाणीपुरवठा, सेवा हा पाट. गाळ उपसण्याचे काम मात्र दुसरे कोणी करून देणार नाही. जात, मानपान, जमिनीचे तंटे आणि परावलंबन हा तो गाळ. ज्या मंडळीला तो दिसतो आणि तो काढण्यासाठी जी स्वतः चिखलात उतरते, ती दहा घरांची असली तरी बलवान आहे.