संगणकावर हेडफोनने ऐकताना : आधी काय बदलावे?



‘चांगला हेडफोन घेऊन द्या’ हा हट्ट आता बहुतेक घरांतून ऐकू येतो. शिकवणीचे व्हिडिओ, इंग्रजीचे पाठ आणि त्याहून जास्त गाणी, हे सारे संगणकावर ऐकले जाते. मग जेल रोडवर जायचे. दुकानदार दोन-तीन खोकी समोर ठेवतो. एकावर ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेले, दुसऱ्यावर ‘७.१ सराउंड’, आणि शेजारी ‘डॅक’ नावाची एक लहानशी डबी. नवखा माणूस इथे गोंधळतो. खर्चाचा क्रम चुकला की पैसे जातात आणि आवाज होता तसाच राहतो. तो क्रम कसा लावायचा, हे येथे पाहू.

प्रथम आवाजाचा मार्ग समजून घ्या. गाण्याची फाइल म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारा भाग म्हणजे डॅक, त्या लहरीला जोर देणारा भाग म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आणि तिच्या जोरावर पडदा हलवून हवेत आवाज करणारा तो हेडफोन. यातले पहिले दोन्ही भाग हेडफोनची पिन घेणाऱ्या प्रत्येक संगणकात आधीपासूनच असतात. दुकानातली डबी काही नवीन शक्ती आणत नाही. जे काम आत चालले आहे तेच ती बाहेर करते, कधी जास्त स्वच्छ, तर कधी फक्त जास्त महाग.

आता फाइलकडे पाहू. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डावा-उजवा मिळून दोन मार्ग असतात. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट होतात. आपण पेन ड्राइव्हवरून एकमेकांना देतो ती एमपी३ पुष्कळदा १२८ हजार बिटांची असते, म्हणजे साधारण अकरावा हिस्सा. कानाला सहसा कळत नाही तेवढेच वगळायचे, अशी ही युक्ती असते. पण इतके पिळल्यावर झांजेचा आणि तानपुऱ्याच्या जवारीचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होऊ लागतो. तीच फाइल पुन्हा मोठ्या आकारात बदलून घेतली तरी गेलेले परत येत नाही. दुसऱ्याने कोठून तरी उतरवून पुन्हा चढवलेल्या व्हिडिओपेक्षा मूळ कंपनीने दिलेले गाणे ऐकावे, आणि अ‍ॅपमध्ये आवाजाचा दर्जा ‘हाय’ करावा. याला काही खर्च येत नाही.

संगणकातल्या काही खुंट्याही तपासाव्यात. विंडोजमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ नावाची सोय असते, ती बंद करून ऐकून पाहा. ऑनलाइन वर्ग सुरू झाला की इतर सगळा आवाज एकदम खाली जातो, अशी तक्रार पुष्कळ मुले करतात. विंडोजच्या जुन्या ‘साउंड’ खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ हे पान आहे. तिथे बोलणे चालू असताना बाकीचा आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो. तो बदलला की काम झाले.

ब्लूटूथचीही एक मेख आहे. हेडफोनचा माइक सुरू होताच गाणे टेलिफोनसारखे चपटे ऐकू येते. याचे कारण असे की नेहमीच्या ब्लूटूथमध्ये चांगल्या दर्जाचे संगीत पाठवण्याची रीत वेगळी आणि दोन्ही बाजूंनी बोलण्याची वेगळी. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. संगणकाचा स्वतःचा माइक निवडला आणि हेडफोनकडे फक्त ऐकण्याचे काम ठेवले, तर हा त्रास जातो.

इतके केल्यावरही समाधान झाले नाही तर पैसे हेडफोनवरच घालावेत. कानाला जाणवणारा सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. पाठीमागून बंद असलेल्या हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट कमी येतो आणि आपला आवाज शेजारच्याला जात नाही. उघड्या पाठीचा हेडफोन जास्त मोकळा वाजतो, पण स्वयंपाकघरातला कुकर सगळा ऐकू येतो आणि आपले गाणे घरभर. एकत्र कुटुंबात अभ्यास करणाऱ्या मुलाला बंदच बरा.

पारखण्यासाठी ओळखीचे गाणे घ्यावे. ‘बास’ दाखवायला दुकानदार जे लावतो ते नको. आपल्या इंदुरात वाढलेले उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) यांचा विलंबित ख्याल लावा. ते खालच्या सप्तकात उतरतात तेव्हा डग्गा आणि त्यांचा आवाज वेगवेगळे कळतात की एकात एक मिसळून घुमतात? मागचा तानपुरा सतत ऐकू येतो का? १९४८ पासून देवासला राहिलेल्या कुमारजींच्या गाण्यात दोन तुकड्यांमधला श्वास ऐकू येतो का? आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. चांगल्या हेडफोनवर जुन्या तबकडीची खरखरही जास्त स्पष्ट होते, आणि बरीच जुनी ध्वनिमुद्रणे मोनो असल्याने गायक डोक्याच्या मध्यभागी बसल्यासारखा वाटतो. हा हेडफोनचा दोष नव्हे.

दोन हेडफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो थोडा मोठा वाजतो तोच आपल्याला ‘छान’ वाटतो. दुकानदारांना हे चांगले ठाऊक असते!

आता खोक्यावरच्या ओहमविषयी. दहावीच्या मुलांना हे सोपे जाईल. बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा ‘डीटी ७७० प्रो’ हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० अशा तीन ओहमांत निघाला. दिसायला तिघे बरेचसे सारखे. संगणकाच्या भोकातून जास्तीत जास्त १ व्होल्ट मिळतो असे धरू. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ३२ ओहमला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतील, २५० ला फक्त ४. म्हणजे जवळपास आठवा भाग, नऊ डेसिबल कमी. २५० ओहमवाला मुका राहणार नाही, पण हळू आवाजात मुद्रित झालेली शास्त्रीय गाणी पूर्ण आवाज करूनही दबलेली वाटतील. ‘जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. थेट संगणकाला किंवा फोनला लावायचा असेल तर ३२ च्या आसपासचाच घ्यावा. ओहमबरोबर ‘सेन्सिटिव्हिटी’ हा आकडाही पाहावा. तो जितका मोठा, तितका कमी शक्तीत मोठा आवाज.

मग डॅकची डबी कधी घ्यायची? माझ्या मते तीनच कारणांनी. पहिले, संगणकातून सतत भुणभुण किंवा माउस हलवताना खरखर येत असेल तर. आतल्या विजेचा गोंधळ आवाजाच्या तारेत शिरल्याने असे होते, आणि यूएसबीवरचा साधा, बोटभर लांबीचा अडॅप्टरही बहुधा तो घालवतो. दुसरे, वर सांगितल्याप्रमाणे जास्त ओहमचा हेडफोन घरात असेल आणि जोर कमी पडत असेल तर. तिसरे, पिनेचे भोकच सैल झाले असेल तर. या तिन्हींपैकी काहीच नसेल तर ती डबी दुकानातच शोभते. सोन्याचा मुलामा दिलेल्या जाड वायरींविषयी न बोललेलेच बरे.

पिनेवरून आठवले. तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे नुसता हेडफोन, तीन म्हणजे माइकसहित. जुन्या डेस्कटॉपला हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असतात; तीन रेघांची पिन तिथे लावली तर माइक चालत नाही. त्यासाठी दोन फाट्यांची छोटी वायर मिळते. केवळ एवढ्या कारणासाठी चांगले हेडफोन ‘बिघडले’ म्हणून परत केले जातात.

पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. आतल्या कानातील नाजूक केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. बाहेर गोंगाट असला की मुले आवाज चढवतात. म्हणून कानावर नीट बसणारा बंद हेडफोन हे कानाचेही रक्षण आहे. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होत असेल तर आवाज जास्त होता असे समजावे, आणि ती थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

विश्वस्त मंडळींसाठी दोन शब्द. संगणक कक्षासाठी स्वस्तातले नाजूक संच घेतले की वर्षाच्या आत वायर पिनेजवळ तुटते आणि सगळाच संच फेकावा लागतो. वायर वेगळी निघते आणि कानाच्या गाद्या बदलता येतात, असे बंद पाठीचे, वायरचे हेडफोन घ्यावेत. गाद्या रेग्झिनच्या असाव्यात, म्हणजे एका मुलाकडून दुसऱ्याकडे देताना पुसता येतात. जादा वायरी आणि गाद्या त्याच बिलात मागवाव्यात, कारण ते मॉडेल बंद झाले की त्या मिळणे कठीण होते.