समुद्राला थोपवून धरणारं गोडं पाणी

दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वात लाखो भाविक तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या विशाल तलावात उतरतात आणि तलावाच्या पोटातल्या वीस विहिरींच्या पाण्याने स्नान करतात. मागचं पर्व २०१६ साली झालं. शहराच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. या दोन नद्यांमध्ये गोडं पाणी कमी कसं पडेल, असं वाटतं. पण इथून पूर्वेला निघालं, की पन्नास-साठ किलोमीटरवर नागपट्टिणमचा किनारा लागतो आणि तिथल्या कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ लागतं. नदी तीच, तिने आणून पसरलेला गाळही तोच. मग पाणी का बदललं?

उत्तर जमिनीखाली आहे. त्रिभुज प्रदेशातले वाळूचे थर किनाऱ्यापाशी संपत नाहीत. ते समुद्राच्या तळाखाली पुढे गेलेले असतात. त्यामुळे समुद्र जमिनीखालूनही आत येऊ पाहतो. त्याच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. हलकं गोडं पाणी त्याच्यावर बर्फाच्या खड्यासारखं तरंगतं : थोडं वर, बरंचसं खाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता घायबेन आणि त्यानंतर जर्मनीचा हर्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे याचं गणित मांडलं. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं!

हा हिशेब उलटाही चालतो. बेसुमार उपशाने पातळी अर्धा मीटर उतरली, तर कालांतराने खारं पाणी खालून वीस मीटर वर सरकू शकतं. प्रत्यक्षात मातीचे थर हे गणित थोडंफार बदलतात, पण दिशा हीच राहते. बोअरच्या नेमकं खाली तर खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. काल गोडं पाणी देणारी बोअर आज खारट झाली, की शेतकरी चक्रावतो. समुद्र मात्र कधीपासून वर चढत असतो.

असं पाणी भाताला दिलं की काय होतं? मुळं पाणी शोषतात ती मातीतल्या पाण्यापेक्षा पेशींमधला रस दाट असतो म्हणून. मातीतलं पाणीच दाट झालं, तर चिखलात उभं असलेलं रोप तहानेने व्याकुळ होतं. जुन्या पानांची टोकं आधी पांढरी पडतात, मग करपतात. लोंब्या येतात, पण दाणे पोचट. मातीच्या अर्काची क्षारता ३ डेसिसायमन्स प्रति मीटरच्या वर गेली, की पुढच्या प्रत्येक एककामागे भाताचं उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. शिवाय खाऱ्या पाण्यातला सोडियम चिकणमातीचे कण विस्कटून टाकतो. ओली असताना जमीन राड होते, वाळल्यावर तिच्यावर कडक पापडी धरते. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावतं आणि मग भरपूर गोड्या पाण्याने तो धुऊन काढावा लागतो. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने नागपट्टिणमची शेतं बुडवली, तेव्हा पाऊस, जिप्सम आणि धैंचाच्या हिरवळीच्या खताने जमिनी पुन्हा लागवडीला आल्या. खार सोसणारा कुळियडिच्चान हा इथला जुना भातही कामी आला.

हरितक्रांतीचे शिल्पकार एम. एस. स्वामीनाथन यांचा जन्म १९२५ साली कुंभकोणमचाच. चेन्नईतल्या त्यांच्या संशोधन संस्थेने खार सोसण्याची विद्या तिवराकडून शिकायचं ठरवलं आणि तिवराची जनुकं भातात घालून पाहिली. आपल्या कोकणातल्या खाड्यांत असतं तेच हे तिवर. कावेरीच्या मुखाकडे मुत्तुपेट्टईच्या खारफुटीतही तेच माजलेलं आहे. त्याचं पान उन्हात निरखून पाहावं : पानातल्या ग्रंथींनी बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. मिठातच उभं राहून मीठ बाहेर टाकणारं झाड! हा गुण पिकात उतरवणं सोपं नाही, म्हणूनच तो प्रयोग इतका मोलाचा.

तरीही कोणतंही वाण समुद्राला मागे हटवत नाही. ते काम गोडं पाणीच करतं. १९३४ साली कावेरीवर मेट्टूर धरण झालं आणि दरवर्षी १२ जूनला त्याचे दरवाजे उघडायची रीत पडली. त्या पाण्यावर खरिपाची कुरुवै पिकते. पण तेच पाणी कालवे, तळी आणि भाताची खाचरं भरतं, थोडं थोडं झिरपतं आणि जमिनीखालची पातळी सांभाळतं. धरणात पाणी कमी असलं की पहिली झळ कालव्यांच्या शेवटाकडच्या गावांना बसते, आणि समुद्राला सर्वांत जवळ तीच असतात.

नदीचं पाणी समुद्राला मिळालं की वाया गेलं, असं आपण सर्रास म्हणतो. रत्नागिरी असो की नागपट्टिणम, किनाऱ्यावर हे खरं नाही. मुखापर्यंत पोचलेलं गोडं पाणी वाटेत विहिरी राखतं, जमीन धुतं आणि समुद्राला त्याच्या जागी ठेवतं. पाणीवाटपाच्या हिशेबात या कामासाठीही पाणी राखून ठेवलं पाहिजे, आणि किनाऱ्यालगतच्या उपशाला मर्यादा घातली पाहिजे.