गर्भवतीचा रक्तदाब व कॅल्शियम

हुपरी गाव चांदीच्या कलाकुसरीबद्दल दूरवर ख्यातनाम आहे. येथे चांदीचा तोळा-मासा काटेकोर तोलला जातो; परंतु घरातील गर्भवतीच्या आहारात कॅल्शियम किती असते, याचा हिशेब क्वचितच होतो. तो का व्हावा, हे आम्ही थोडक्यात सांगू इच्छितो.

चुन्यात, दुधात व हाडांत असणारे हे मूलद्रव्य होय. पूर्ण दिवसांच्या बालकाच्या देहात ते सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे अडीच तोळे असते. हे सारे मातेकडूनच येते, आणि त्यातील बहुतेक अखेरच्या तीन महिन्यांत. आहारात ते अपुरे पडले की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी अधिक स्राव सोडतात. तेणेकरून रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींत कॅल्शियम वाढते, वाहिन्या आकुंचन पावतात व रक्ताचा दाब चढतो, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० वा अधिक होऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या विकारास प्री-एक्लाम्प्सिया म्हणतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली वेदना, तोंडावर सूज ही त्याची लक्षणे होत. पुढे आकडी येऊन माता व बालक दोघांचेही प्राण संकटात पडतात. अशा वेळी बाहेरची बाधा समजून वेळ दवडू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.

ग्वाटेमालातील माया लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून खातात. त्यांच्या स्त्रियांत हा विकार विरळा आढळतो, याकडे बेलिझान व व्हिलार यांनी १९८० साली लक्ष वेधले. अनेक प्रयोगांनंतर, आहारात कॅल्शियम कमी असेल तेथे गर्भवतीस ते द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली केली. आपल्या शासनाने २०१४ साली चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या ठरविल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बंगळुरू येथील सुमारे ११,००० गर्भवतींवर पाहणी झाली. तीत रोज ५०० मिलिग्रॅमही १,५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी उपयुक्त ठरले नाही.

गोळी जेवणाबरोबर घ्यावी. लोहाच्या गोळीपासून तिचे दोन तासांचे अंतर असावे, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणास आड येते. नाचणी, दूध, ताक व तीळ आपल्याच जिल्ह्यात मिळतात. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मात्र ग्वाटेमालाची हकीकत ऐकून पानाचा चुना चाटणे हा उपाय नव्हे; त्याने तोंड व अन्ननलिका भाजते.

कॅल्शियम ही अभेद्य ढाल नव्हे. दाब पुष्कळदा लक्षणांवाचून चढतो. तो मोजल्यावाचून कळत नाही. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. मुलांनो, घरी वहिनी वा काकू गरोदर असेल, तर तिला त्या तारखेची आठवण द्या. आणि पालकांनी त्या दिवशी तिला घरकामातून मोकळे करावे, ही आमची विनंती आहे.