दुरुस्तीची दुरुस्ती : अजिंठ्याच्या चित्रांनी दिलेले धडे

चुकीतून शिकायचे तर आधी चूक दिसावी लागते, मग तिचे कारण सापडावे लागते आणि शेवटी कामाची पद्धत बदलावी लागते. यांतली पहिली पायरीच बहुधा सर्वांत अवघड असते. कित्येक चुका घडताना चुकीसारख्या दिसतच नाहीत. काही वर्षे तर त्या यश म्हणून मिरवतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या जतनाचा दोनशे वर्षांचा इतिहास याचा धडधडीत पुरावा आहे. तिथले बरेचसे नुकसान या चित्रांवर जीव जडलेल्या माणसांच्या हातून, चित्रे वाचवण्याच्या भरात झाले. ते निस्तरण्याचे शास्त्रही पुढे त्याच भिंतींसमोर आकाराला आले.

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर ही सुमारे तीस लेणी आहेत. काही सातवाहन काळातली, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातली, बाकीची इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात कोरली गेली. कातळात काम करणाऱ्याला चुकीची किंमत रोख मोजावी लागते, कारण एकदा काढलेला दगड परत बसवता येत नाही. लेणे क्रमांक ४ हा इथला सर्वांत मोठा विहार. त्याचे काम चालू असताना छताच्या खडकातच दोष निघाला. तेव्हा कारागिरांनी छत आणखी वर कोरत नेले आणि तो दोष पार करण्याचा प्रयत्न केला. त्या छतावर लाव्हारसाच्या प्रवाहाचा मूळ आकार आजही दिसतो. लेणे मात्र पूर्ण झाले नाही.

चित्रांचे प्रकरण याहून नाजूक आहे. युरोपातल्या अनेक चर्चमधल्यासारखी ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडबडीत कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर सरस घालून केलेले रंग, अशी त्यांची रचना आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना हे रंग साधे; निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द वापरला गेला. अशा भिंतीत ओल सतत आत-बाहेर करत असते. तिची वाट अडवली की रंगाचा थर फुगतो आणि पापुद्रे धरून सुटू लागतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ ही रचना नीट ठाऊक नसण्यात होते.

एप्रिल १८१९ मध्ये मद्रास लष्करातला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि लेणी पुन्हा बाहेरच्या जगाच्या नजरेस पडली. लेणे क्रमांक १० मधल्या एका खांबावर, थेट रंगवलेल्या आकृतीच्या अंगावर, त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरे आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत, कारण तेव्हा लेण्यात मातीचा आणि राडारोड्याचा ढीग साचलेला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. त्यानंतर आलेल्या हौशी पाहुण्यांनी चित्रांचे तुकडे आठवण म्हणून काढून नेले. त्यांतले काही भिंतीवरून सुटताच भुगा झाले.

मूळ चित्रे फार काळ टिकणार नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांच्या हुबेहूब नकला करण्याचे काम १८४४ मध्ये कॅप्टन रॉबर्ट गिल याच्याकडे आले. अजिंठा गावात मुक्काम ठोकून त्याने वर्षानुवर्षे मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी भस्म झाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून नव्याने नकला करायला घेतल्या. त्याही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. १८८५ मध्ये तिथे आग लागली आणि शंभराहून अधिक नकला जळाल्या. जपानी चित्रकारांनी १९१७-१८ मध्ये केलेल्या नकला १९२३ च्या कांतो भूकंपात गेल्या.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. इथे मागच्यालाही तीच ठेच लागली. पहिल्या आगीचे खापर नशिबावर फोडता आले असते, पण दोष व्यवस्थेत होता: सगळा ठेवा एकाच छताखाली आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. यावरचा उपाय छापखान्याने दिला. ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे पुस्तक १८९६-९७ मध्ये निघाले. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात रंगीत छायाचित्रांसह चार भाग काढले. प्रती अनेक ग्रंथालयांत पोहोचल्यावर एका आगीत सारे गमावण्याची भीती संपली.

मूळ भिंतींवर घडलेली चूक इतकी सहज सुधारण्यासारखी नव्हती. शतकानुशतकांचा धूर, धूळ आणि वटवाघळांची घाण यांनी चित्रे काळवंडली होती. ग्रिफिथ्स यांच्या काळात नक्कल करताना रंग स्पष्ट दिसावेत म्हणून त्यांवर व्हार्निश लावले गेले. त्याचा परिणाम तत्काळ आणि सुखद होता: रंग उजळले, रेषा उठून दिसल्या. काही वर्षांनी तोच थर पिवळा पडला, त्यावर धूळ बसली आणि खालचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला.

निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, तुटलेल्या कडा भरल्या. त्या कामामुळे कित्येक चित्रे भिंतीवर राहिली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात दिला. ताजी लाख अल्कोहोलने सहज निघते; जुनी होत जाते तशी ती घट्ट होते, काळपट पडते आणि विरघळेनाशी होते. ती लावणे सोपे होते, काढणे पुढच्या पिढ्यांना जड गेले. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. मग रंग पक्का करण्यासाठी पॉलिव्हिनाइल ॲसिटेटसारखी कृत्रिम द्रव्ये वापरली गेली आणि कालांतराने त्यांचाही थर पिवळा पडला. आधीच्यांची चूक सुधारणारेही त्याच वळणावर घसरले, कारण प्रत्येकाने लावलेला थर आज कसा दिसतो एवढेच पाहिले. पन्नास वर्षांनी त्याचे काय होईल, हा प्रश्न मागेच राहिला.

हाच प्रश्न जतनशास्त्राने पुढे केंद्रस्थानी आणला. जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने निव्वळ तर्क सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबवण्याचा आणि प्रत्येक कामाची तपशीलवार नोंद ठेवण्याचा दंडक घातला. त्याच्या जोडीला आणखी एक तत्त्व रुजले: आज जे लावायचे, ते उद्या काढता आले पाहिजे. आपणही चुकू शकतो हे इथे कामाला हात लावण्यापूर्वीच गृहीत धरलेले असते.

१९९९ पासून पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह यांच्या देखरेखीखाली लेणे क्रमांक ९ आणि १० मध्ये झालेले काम या वाटेने गेले. अशा कामाचा वेग डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. आधी त्या जागेची छायाचित्रे घेतात, पापुद्रे सुटू नयेत म्हणून कमजोर भाग सांभाळून बसवतात, मग नखाएवढ्या जागेवर सौम्य द्रावणाची चाचणी करतात. कापसाचा बोळा अलगद टेकवून उचलतात आणि त्यावर काय आले ते पाहतात. काजळी आली तर पुढे सरकायचे, रंगाची किंचित छटा आली तर तिथेच थांबायचे. लाख आणि काजळीखालून अशा रीतीने बाहेर आलेली चित्रे बौद्ध चित्रकलेच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणली जातात. सफाई करताना जुन्या थराचा एखादा छोटा चौकोन मुद्दाम तसाच सोडण्याचीही जगभर रीत आहे. पूर्वी काय होते आणि नंतर काय झाले, हे तपासण्याची सोय त्यामुळे पुढच्या तज्ज्ञाला राहते.

जुन्या कारागिरांच्या कामाची तपासणीही अशीच उपयोगी पडली. राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत आणि कीटकांनी गिलावा पोखरल्याचे नुकसानही अजिंठ्यातच मोठे आहे. कोणत्या भिंतीला कशाचा धोका जास्त, हे अशा तुलनेतून कळते.

शेवटची चूक गर्दीची. माणसांच्या श्वासातली वाफ, घामाचा ओलावा आणि उष्णता बंदिस्त लेण्यात साठतात. फ्रान्समधली लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि भिंतींवर शेवाळ धरू लागल्याने १९६३ मध्ये बंद करावी लागली. पुढे १९८३ मध्ये शेजारी तिची प्रतिकृती उभारली गेली. जागतिक वारशाच्या यादीत १९८३ मध्येच आलेल्या अजिंठ्याने ती वेळ येण्याआधी काही पावले उचलली. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, मंद थंड प्रकाश वापरतात आणि एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. दुसऱ्याच्या ठेचेवरून शहाणे होण्याचे हे त्यातल्या त्यात स्वस्तातले उदाहरण.

अजिंठ्याच्या या कहाणीत हेतू वाईट असलेले लोक मोजकेच आहेत आणि निष्काळजी म्हणावेत असेही फार नाहीत. त्यामुळे कोण चुकले या प्रश्नातून हाती फारसे लागत नाही; काय लावले, कशासाठी लावले आणि त्याचे पुढे काय झाले, या तीन प्रश्नांतून मात्र पद्धत बदलली. घरातला, नोकरीतला किंवा धंद्यातला निर्णय फसतो तेव्हाही हेच तीन प्रश्न कामाला येतात. त्यांची उत्तरे द्यायची तर त्या वेळची नोंद हाताशी हवी, कारण आठवण आपल्याच बाजूने साक्ष देते. आणि नवा उपाय कितीही खात्रीचा वाटला, तरी आधी लहान जागेवर करून पाहावा आणि मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावी.