खाद्यपदार्थांच्या जोडधंद्यास स्वयंपाकघर : बांधावें कीं भाड्यानें घ्यावें ?

बागेंतील माल कच्चा विकण्यापेक्षां त्याचे टिकाऊ पदार्थ करून विकावे, हा उपदेश आतां जुना झाला असून कोंकणांतील पुष्कळ घरांनीं तो अंमलांतही आणिला आहे. परंतु आमसुलें, आंबापोळी, तळलेले गरे हे पदार्थ घरापुरते करणें निराळें आणि शंभर गिऱ्हाइकांस पुरविणें निराळें. घरची चूल व पडवी अपुरी पडूं लागली कीं जागेचा प्रश्न उभा राहतो. येथें बहुतेक मंडळी जी चूक करितात ती आम्हीं स्वतः केलेली आहे. म्हणून तीच प्रथम सांगतों.

मुलकी खात्यांतील कारकुनीवरून निवृत्त झाल्यावर, सूनबाईंच्या आंबापोळीस मागणी वाढली म्हणून, आम्हीं घरामागें जांभ्या दगडाची स्वतंत्र खोली बांधिली. खर्च २,६०,००० रुपये आला व तो सर्व शेंकडा ११ व्याजानें काढिला. पहिल्या वर्षीं त्या खोलींत चूल किती दिवस पेटली याची नोंद आम्हीं जुन्या सवयीनें ठेविली होती. ते दिवस भरले ४७. वर्षाचें व्याज २८,६०० रुपये. म्हणजे चुलीच्या प्रत्येक दिवसामागें नुसतें व्याजच सहाशें रुपयांवर गेलें. आंब्याचा हंगाम जूनच्या आरंभीं सरतो, कोकमफळ पावसापर्यंतचें, आणि पाऊस लागल्यावर उन्हाशिवाय कांहींच वाळत नाहीं. बाकीचे दहा महिने खोलीस कुलूप. त्यांत गवंड्यानें जमिनीचा उतार मोरीकडे न देतां दाराकडे दिला होता. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनीं तो दाखविला तेव्हां फरशी उखडावी लागली. दोष गवंड्याचा म्हणावा, तर काम चाललें असतां आम्ही तेथेंच खुर्ची टाकून बसलों होतों !

आमच्या शेजारच्या बागाइतदारांनीं हा हिशेब आमच्या वहींतून उतरून घेतला आणि खोली बांधण्याचा बेत सोडला. जवळच्या एका शिक्षणसंस्थेचें वसतिगृह उन्हाळ्याच्या सुटींत रिकामें असतें. तेथील स्वयंपाकघरांत मोठे ओटे, मोरी, पाण्याची टाकी, सर्व तयार. तें त्यांनीं ४० दिवसांसाठीं रोजीं ४०० रुपयांप्रमाणें घेतलें. एकूण १६,००० रुपये झाले, व कर्ज एका पैशाचें नाहीं. मुलांची सुटी आणि आंब्याचा हंगाम एकाच वेळीं येतात, ही गोष्ट आमच्याही डोळ्यांसमोर होती, पण सुचली नाहीं.

मंगल कार्यालयांचें गणित याच्या उलट आहे. वैशाख-ज्येष्ठांत तेथें लग्नांची गर्दी, म्हणून आंबेवाल्यांस तीं निरुपयोगी. परंतु चातुर्मासांत मुहूर्त नसल्यानें चुली थंड असतात. दिवाळीचा फराळ, मसाले, चटण्या करणारांस नेमकी हीच वेळ हवी असते. कार्यालयाचा मालक त्या दिवसांत घासाघीस ऐकून घेतो. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरीं ‘ला कोसिना’ नांवाची संस्था २००५ पासून गरीब व परदेशांतून आलेल्या स्त्रियांस तयार स्वयंपाकघर अल्प दरानें वापरूं देते. तत्त्व एकच : भाडें चार भिंतींचें नव्हे, वेळेचें द्यावें.

दुसरी गोष्ट, कामाची वांटणी. सगळें काम स्वयंपाकघरांत होण्याची गरज नसते. रस आटविण्यास ओटा व शेगडी पाहिजे. पोळी वाळविण्यास स्वच्छ गच्ची व जाळी पुरते. मुंबईच्या लिज्जत पापडाचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १९५९ च्या मार्च महिन्याच्या १५ तारखेस गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन तें काम आरंभिलें. पुढें व्याप वाढला तरी पीठ मळण्याचें काम केंद्रावर आणि लाटण्याचें ज्याच्या त्याच्या घरीं, अशी पद्धत ठेविल्यामुळें प्रत्येक लाटणारीसाठीं जागा शोधण्याची पाळी संस्थेवर आली नाहीं.

जागा पाहावयास जातांना ओट्याआधीं पाणी पाहावें, तेंही मे महिन्यांत. खाडीकांठच्या विहिरी माघांत गोड लागतात व वैशाखांत मचूळ होतात. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून घेतल्यावांचून इसार देऊं नये. मग सांडपाणी कोठें जातें, शौचकूप किती जवळ आहे, गुरें-कुत्रीं आंत येतात काय, हें पाहावें. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्यास वापरतां येत नाहीं. १९ किलोची व्यापारी टाकी घ्यावी लागते. तिचा व विजेचा खर्च कोणाचा, हें आधींच ठरवावें.

कागदांविषयीं दोन शब्द. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ सालचा. त्याखालील नोंदणीचे नियम २०११ पासून अंमलांत आले. त्या वेळीं वार्षिक १२ लक्ष रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकास परवान्याऐवजीं साधी नोंदणी व वर्षास १०० रुपये फी ठेविली होती. ध्यानांत धरण्याची गोष्ट ही कीं, नोंदणी माणसाबरोबर फिरत नाहीं, ती त्या जागेची असते. घरच्या नोंदणीवर वसतिगृहांत रस आटवितां येत नाहीं. मालकाचें संमतिपत्र घेऊन त्या जागेची निराळी नोंदणी करावी. तोंडी बोलीवर विसंबूं नये. भर हंगामांत ‘उद्यांपासून जागा मोकळी करा’ म्हणणारे मालक आम्हीं पाहिले आहेत, आणि उतरलेला आंबा कोणासाठीं थांबत नाहीं. ज्या शहरांस १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा लागू आहे तेथें कलम ५५ प्रमाणें करार लेखी व नोंदलेलाच लागतो. खेड्यांतही तसाच करावा.

बांधावयाचेंच असेल तर गांवठाणांतील जुनें घर दुरुस्त करावें. शेतजमिनीच्या बिनशेती वापराच्या भानगडींत शक्य तों पडूं नये. २०२० सालीं निघालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेंत एकट्या उद्योजकास शेंकडा ३५, कमाल १० लक्ष रुपये, अनुदान ठेविलें होतें. पण उरलेल्या ६५ चें व्याज खोली बंद असतांही चढतेंच. त्याच योजनेंत गट व सहकारी संस्था यांच्या सामाईक सोयींसही अनुदान होतें. दहा घरांनीं दहा खोल्या बांधण्यापेक्षां संस्थेनें एक बांधून वार लावून द्यावे, हा विषय आपल्या सभेपुढें यावा असें आम्हांस वाटतें.

आमच्या खोलीचें कुलूप गेल्या श्रावणांत निघालें. शेजारच्या गांवच्या दोन भगिनी तेथें फराळाचे जिन्नस करितात. रोजीं २५० रुपये, गॅस त्यांचा, झाडलोट त्यांची, आणि आपल्या कामापुरती त्या जागेची नोंदणीही त्यांनीं आपल्या नांवें काढिली आहे. दिवाळीपर्यंत ६२ दिवस भरले व १५,५०० रुपये जमा झाले. व्याज अजून पुरें निघत नाहीं. शिवाय चकलीच्या तळणाचा धूर ओट्यावर बसून पोळीस वास लागेल, अशी सूनबाईंची तक्रार आहे. म्हणून चैत्रापूर्वीं धुराडें हातभर उंच करण्याचें घाटत आहे.