कोस्टा रिका : स्पॅनिश शिकणाऱ्यांची भटकंती

देश : मध्य अमेरिकेत; क्षेत्रफळ सुमारे 51,100 चौ.कि.मी. राजधानी सान होसे. राजभाषा स्पॅनिश.

सहलींचे स्वरूप : सकाळी वर्ग; दुपारी किंवा शनिवार-रविवारी स्थानिक वाटाड्यासोबत भ्रमंती. बरेच विद्यार्थी स्थानिक कुटुंबात राहतात.

हंगाम : डिसेंबर ते एप्रिल कोरडा, मे ते नोव्हेंबर पावसाळी. कॅरिबियन किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ वर्षभर.

निसर्ग
- मोंतेवेर्दे : मेघवन. 1972पासून संरक्षित.
- मानुएल आंतोनियो : पॅसिफिक किनाऱ्यावरील उद्यान (1972). माकडे, स्लॉथ.
- तोर्तुगेरो : हिरव्या समुद्री कासवांची वीण, जुलै ते ऑक्टोबर.
- आरेनाल : ज्वालामुखी. 1968मध्ये मोठा उद्रेक; 2010पासून शांत.

संस्कृती
- सार्ची : रंगीत नक्षीच्या बैलगाड्या. या परंपरेला 2005मध्ये युनेस्कोची मान्यता.
- दिकीस : प्राचीन दगडी गोल. 2014पासून जागतिक वारसास्थळ.

फरक : राष्ट्रीय उद्याने सरकारी असतात, मोंतेवेर्देचे मेघवन मात्र खासगी अभयारण्य असून ते एक बिगरसरकारी वैज्ञानिक संस्था चालवते. दोन्हीकडे प्रवेशशुल्क वेगळे असते.